नेनादची मांडी आणि मामांची शाल

४ डिसेंबर
प्रमोदने हैदराबादहून पाहुणा पाठवला. नेनाद, सर्बियाचा फुटबॉलपटू, बचावफळीत खेळतो, वय चौतीस. माझा हा भाऊ ज्या क्लबचं सामानसुमान सांभाळतो, त्यांनी याला मांडीच्या दुखण्यावरून सोडून दिलं. "ताई, तू फिजिओ आहेस, आदिलाबादजवळ मावल्यात घरासमोर मैदान आहे. जानेवारीत गोव्यात त्याची चाचणी आहे, तोवर उभा कर." उभा तर तो आहेच. दारातून वाकून आला.

९ डिसेंबर
डाव्या मांडीमागचा स्नायू, जुनी दुखापत. घाई नको. व्यायाम करताना बोलतो. गावचा क्लब, मग हंगेरी, कझाकस्तान, मलेशिया, मग भारत. सगळीकडे वर्षा-वर्षाचा करार. आई दूर खेड्यात. मुलगा जिथे खेळतो तिथलं हवामान ती रोज बघते. सध्या आदिलाबादचं बघते. "डॉक्टर, ती म्हणते भारतात थंडी कशी?" मी डॉक्टर नाही हे तीनदा सांगून झालं.

२१ डिसेंबर
आज धावला. वेदना नाही. माझाच चेहरा जास्त फुलला असावा, कारण तो हसत होता. सांभाळून राहायला हवं. मला जे व्हावंसं वाटतं आणि जे हाताला लागतं, ते वेगळं ठेवायचं.

२८ डिसेंबर
जवळच बेल्याला माझे मामा भरवतात ती फुटबॉल स्पर्धा. नेनाद एक हाफ खेळणार होता. छान अंग गरम करून घेतलं, आणि मामांनी त्याला मंचावर बसवलं. शाल, नारळ, हार. मग सरपंच बोलले, मग मामा. निवृत्त मास्तर, थांबतात कुठे? वारा असा की पुढच्या रांगेत मीच कुडकुडत होते. दोनदा उठले, दोनदा बसले. मामांना भर सभेत कसं थांबवू? तिथून तो थेट मैदानात. पहिल्याच धावेला हात मांडीवर.

२९ डिसेंबर
थोडक्यात निभावलं, स्नायू फाटला नाही. मामांना फोनवर सांगितलं.
"आमी त्याचा मान केला, अन् तू म्हंतं मानानं मांडी दुखली?"
"मानाने नाही मामा, बसवून ठेवल्याने."
"तू त होती ना तिथं. काऊन नाही बोलली?"
नेनाद म्हणतो, तुझे मामा फार चांगले, पण खुर्ची थंड होती.

३ जानेवारी
गोव्याच्या क्लबने मला मांडीबद्दल विचारलंय. बेल्याचं लिहू? लिहिलं नाही तरी कोणाला कळणार नाही. लिहिलं तर कदाचित बोलावणारच नाहीत. आधी नेनादला विचारलं. त्याने ठेचा लावून अख्खी भाकरी संपवली, मग म्हणाला, लिही. लिहिलं.

७ जानेवारी
चाचणी रद्द नाही! महिनाअखेरीस या म्हणतात. प्रमोद फोनवर नुसता ओरडत होता.

१८ जानेवारी
बेल्याला अंतिम सामना. नेनादने स्वतःच विचारलं, खेळू का. मामा म्हणाले, "खेळू दे. पण सत्कार त कराच लागन. पाहुणा हाय." म्हटलं, करा, पण तो बसणार नाही. यावेळी बोलले.
मग नेनाद मैदानाच्या कडेने हळूहळू पळतोय, मामा शाल घेऊन मागे, त्यांच्या मागे नारळ घेतलेले सरपंच. पब्लिक शिट्ट्या मारतंय. "अबे, जरा हळू पय!" शाल एकदाची खांद्यावर पडली. मामांना धाप लागली आणि भाषण दोन वाक्यांत आटोपलं. बेल्यात असं कधी झालं नव्हतं. नेनाद पूर्ण हाफ खेळला. संध्याकाळी मांडी तपासली, मऊ. पुन्हा तपासली. खरंच मऊ.

२४ जानेवारी
नेनाद गेला. शाल बॅगेत सगळ्यात वर. "तिथे बाकावर बसवलं तर मांडीवर घेईन."

३० जानेवारी
चाचणी झाली. मांडी दुखली नाही. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. उद्या पुन्हा या म्हणाले. मामांचे दोन फोन येऊन गेले, "घेतलं का त्याले?"
नेनादला विचारलं, आईला काय सांगितलंस? म्हणाला, अजून काही नाही. ती आदिलाबादचंच हवामान बघतेय. आज तुमच्याकडे थंडी कमी झाली म्हणे.
बाहेर जाऊन पाहिलं. खरंच कमी आहे.