शंभर दिवसांचं पाणी

रविवार, ४ ऑगस्ट

सकाळी साडेनऊला प्रवाळाच्या खिंडीतून आत आलो. वारा आग्नेयेचा, बेताचा. आठ मीटर पाण्यात नांगर टाकला. तळ वाळूचा. साखळी चाळीस मीटर सोडली. दुपारी पाव भाजला, दोन चादरी धुऊन दोरीवर टाकल्या.

फार दिवसांनी बरं वाटतंय. लाऊच्या बेटांत आम्ही नऊ हंगाम काढले, पण या खाडीत येणं झालं नाही. ग्लेनिस दर वर्षी नकाशावर हिच्याभोवती पेन्सिलीने गोल करायची आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. गेल्या सप्टेंबरात ती गेली. आता मी तिला घेऊन आलो.

आतल्या बाजूला प्रवाळावर काठ्या रोवल्या आहेत, टोकाला झावळ्या आणि चिंध्या. वाट दाखवायलाच असणार, म्हणून त्यांच्या आत येऊन थांबलो. पाणी इतकं नितळ की डेकवरून साखळीच्या कड्या दिसतात.

रविवारी गावाला त्रास देत नाहीत, म्हणून किनाऱ्यावर गेलो नाही. गावच्या प्रमुखापुढे यांगोनाच्या मुळांची जुडी भेट म्हणून ठेवण्याआधी पाण्यात उतरू नये, हे मला माहीत आहे. पण नांगर धरला की नाही ते बुडी मारून पाहिल्याशिवाय मला झोप लागत नाही. तेवढ्यासाठी उतरलो. मग वाटलं, उतरलोच आहोत. वर येऊन पेटी काढली आणि शिडीवर बसून ग्लेनिसची रक्षा हळूहळू पाण्यात सोडली. कोणी पाहत नव्हतं. मला तसंच हवं होतं.

सोमवार, ५ ऑगस्ट

गावात जाऊन आलो. कारभारी इनोके किनाऱ्यावरच भेटला. आडव्या अंगाचा, हसरा माणूस. म्हणाला, “काय कप्तान, बाईसाहेबांना भांडी घासायला ठेवून आलात? काल संध्याकाळी तर डेकवर दोघं दिसत होता.” मी विधुर असल्याचं सांगितलं. त्याने बोटीकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, “चादरी हलत असतील.”

प्रमुखाने जुडी स्वीकारली. टाळ्या झाल्या, मुळं कुटून पाण्यात कालवलेल्या यांगोनाच्या तीन वाट्या प्यालो. नांगर कुठे टाकला असं विचारल्यावर मी दाखवलं, आणि बसलेल्या सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

प्रमुखाची थोरली बहीण मे महिन्याच्या अखेरीस वारली. तेव्हापासून शंभर दिवस काठ्यांच्या आतलं पाणी तिचं. त्यातून काही काढायचं नाही, त्यात काही टाकायचं नाही. काठ्या त्यासाठी होत्या. आज अडुसष्टावा दिवस.

प्रमुखाने विचारलं, मासे धरले का? नाही म्हटलं. काही टाकलं का? इनोकेने पदरचं जोडलं, “टाकलं असेल तर आत्ता बोला, कप्तान. आम्ही तिच्याकडे मागून घेऊ, तशी रीत आहे. पण टाकणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. न सांगितलेलं ती आपलं समजते.”

मी नाही म्हटलं.

ग्लेनिसबद्दल मी अकरा महिन्यांत कोणाशी बोललेलो नाही. बहिणीशीसुद्धा नाही. चटईवर बसून वीस अनोळखी माणसांपुढे काय बोलणार होतो? बोट उद्या हलवतो असं सांगून उठलो.

मंगळवार, ६ ऑगस्ट

नांगर निघत नाही. अर्धी साखळी वर आली आणि ताठ झाली. इंजिन पुढे घेतलं, मागे घेतलं. बुडी मारून पाहिलं. रविवारी साखळी वाळूवर आडवी पसरलेली होती. आता ती सरळ खाली वाळूत जाते आणि नांगर दिसत नाही.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही कळत नाही. रक्षा अजून तिथे आहे. चार भरत्या येऊन गेल्या. तिचा मागमूस राहायला नको होता. साखळीजवळ वाळूवर राखाडी पट्टा आहे, पाच फुटांचा असेल. पोहताना माझ्या पायांनी पाणी ढवळलं, तरी तो हलला नाही.

बुधवार, ७ ऑगस्ट

इनोके होडीतून आला. काठ्यांच्या बाहेरच थांबला आणि ओरडून विचारलं, “काय, नांगराने संसार थाटला का खाली?” मी अडचण सांगितली. तो हसायचा थांबला. म्हणाला, शंभर दिवस होईपर्यंत गावातलं कोणी या पाण्यात उतरणार नाही, पाणबुडे मिळणार नाहीत. “साखळी कापा आणि बाहेर या. लोखंडाची आम्ही तिच्याकडे माफी मागू. लोखंडच ना?”

लोखंडच, म्हणालो.

लोखंड कापायची मोठी कात्री आहे माझ्याकडे. दहा मिनिटांचं काम. दुपारभर ती हातात घेऊन पुढे बसलो होतो. साखळी कापली की बोट सुटेल, आणि ग्लेनिस खाली एकटी राहील.

पट्ट्याला आता खांदे आहेत.

गुरुवार, ८ ऑगस्ट

दुपारी बरोबर बाराला, भरती थांबते तेव्हा, बोटीच्या तळावर ठोके. आतून नाही, पाण्यातून. पुढून सुरू झाले आणि सावकाश मागे आले. ग्लेनिस झोपायची त्या फळीखाली थांबले.

ओंडका असेल म्हणून वर जाऊन पाहिलं. पाणी निवळशंख होतं. ओंडका नव्हता.

खाली पाहिलं. हात अंगालगत, पाय जुळलेले. केस सुटे आहेत, आणि प्रवाह नसताना ते हलतात.

ग्लेनिस माझ्या खांद्याला लागायची. ही माझ्याएवढी आहे.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

सकाळी कात्री साखळीला लावली. दाबलीही. ठोके आले— तीन, हळू. तिची सवय होती, मी वर पहाऱ्यावर असताना खालून असेच ठोकायची, चहा झाला म्हणून. ही सवय या पाण्यात कोणाला माहीत असणार?

कात्री खाली ठेवली.

इनोके परत आला. या वेळी चेष्टा नाही. एकेरीवर आला, धाकट्या भावाशी बोलावं तसा. “रसेल, काल दुपारी तुझ्या बोटीच्या मागच्या कठड्याला धरलेला एक हात गावाने पाहिला. तू पुढे उभा होतास. काय टाकलंस ते सांग. एक शब्द बोल. मी इथून ऐकतो, पुढचं आम्ही बघू.”

मी तोंड उघडलं. शब्द आला होता.

तो म्हणाला, “सांगितलंस की ती सोडेल. जे दिलंस ते पाण्यात विरेल, आणि तू घरी जाशील.”

विरेल.

मी मान हलवली. काही नाही टाकलं. तो बराच वेळ होडीत उभा होता. मग टोपी काढली आणि गेला. टोपी का काढली—

शनिवार, १० ऑगस्ट

सकाळचे साडेअकरा. तळ रिकामा आहे. नुसती वाळू. साखळी सैल पडली आहे, नांगर उघडा दिसतो. आत्ता ओढला तर निघेल. वाराही चांगला आहे.

ओढायला उठलो नाही.

पावणेबारा. बोटीत नऊ हंगाम काढले की कोण कुठे पाय ठेवतं ते बसल्या जागी कळतं. ग्लेनिस चढली की बोट डावीकडे जेमतेम बोटभर झुकायची.

बारा. झुकली. डावीकडे. बोटभर नाही, वीतभर. कपाटातले कप सरकले. शिडीवरून पाणी गळतंय, ऐकू येतंय—

ती नाही. मला माहीत आहे ती नाही. वजन तिचं नाही, श्वास तिचा नाही. इनोकेला हाक मारली तर अजूनही— किनारा दिसतो इथून, कोणीतरी उभं आहे—

तीन ठोके. केबिनच्या वरच्या झाकणावर.

अकरा महिन्यांत कोणी दार ठोकलं नव्हतं.

भिजून आली असेल. कपाटातून कोरडा टॉवेल काढला आहे. घडी मोडून हातावर घेतो आणि वर