अकरा नंबरचं कार्ड

२ जुलै

खोली मिळाली, आणि चांगली मिळाली. दुसरा मजला, पूर्वेची खिडकी, भिंतींना नुकताच दिलेला पिवळा रंग. नळाला पाणी धो धो येतं. टेबल डगमगत होतं, त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, आता बरं आहे. दुपारभर कपडे लावले, भांडी पुसली, खिडकीची काच साबणाने धुतली.

रखवालदाराने विचारलं, बाई, कोण कोण राहणार? एकटीच, म्हटलं. हा शब्द तोंडून पहिल्यांदाच गेला. बावन्न वर्षांत मी कधी एकटी राहिलेली नाही. आधी आई आणि ताई, मग नुसती ताई. ताईला जाऊन पाच महिने झाले. इथे आल्यावर रडू फुटेल असं वाटलं होतं, पण जिना चढताना पाय उलट हलकेच वाटले. नवीन गाव, नवीन काम, ओळखीचं कुणी नाही. रोज थोडं लिहायचं ठरवलं आहे. सव्वीस वर्षं कचेरीत टायपिंग केल्यामुळे हाताने लिहायला वेळ लागतो. लागू दे.

५ जुलै

काम समजलं. वैद्यकीय कॉलेजात मुलांच्या सरावासाठी आणि परीक्षेसाठी खोटे रुग्ण लागतात. खऱ्या रुग्णाला दिवसभरात चाळीस जणांनी चाचपलं तर तो वैतागून पळून जाईल. आम्ही सहा जण आहोत. प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. त्यावर काय होतंय, चालायचं कसं, काय विसरायचं, सगळं लिहिलेलं असतं. आम्ही तसं वागायचं आणि मुलांनी ओळखायचं, बिघाड मेंदूत आहे, मणक्यात आहे की एखाद्या नसेत.

शिकवणाऱ्या मॅडमना मुलं मागे टाचणीबाई म्हणतात. संवेदना तपासायच्या टाचण्या त्यांच्या कोटाच्या कॉलरला कायम टोचलेल्या असतात. त्या म्हणाल्या, लक्षण म्हणजे पत्ता. पोस्टमन पत्ता वाचून नेमक्या दारात उभा राहतो, तसं तुम्हाला त्या नसेच्या दारात उभं राहता आलं पाहिजे. चेहऱ्याची एक बाजू लोंबते, पण कपाळाला आठ्या पडतात, तर बिघाड वर मेंदूत. आठ्याही पडत नसतील तर खाली, चेहऱ्याच्या नसेत. मला हे ऐकायला आवडलं.

आमच्यातले सगळ्यात जुने म्हणजे एक निवृत्त बस कंडक्टर. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांचं पाऊल लोंबतं, म्हणजे ते तसं चालून दाखवतात. पाऊल उचलणारी नस गुडघ्याच्या बाहेरच्या हाडावरून जाते आणि तिथे दबते. मास्तर म्हणाले, अकरा वर्षं माझी एकच नस दबलेली आहे, एवढे डॉक्टर झाले, पण सोडवली कुणीच नाही.

१४ जुलै

मला सात नंबरचं कार्ड दिलं आहे, लहान मेंदूचं. बोट नाकाला लावायला जायचं आणि चुकवायचं, पाय फाकून डुलत चालायचं. मास्तर म्हणाले, बाई, तुमची झिंग फार सज्जन आहे, जरा मनापासून प्या. सगळे हसले. मीही हसले. किती दिवसांनी.

मुलं ताई म्हणून हाक मारतात. मी सांगितलं, मावशी म्हणा.

२२ जुलै

आज मॅडमनी अकरा नंबरचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि विचारलं, कोण घेईल? अवघड आहे म्हणून कुणी घेत नाही. उजव्या मेंदूचा, कानाच्या वरचा आणि मागचा भाग. तिथे गाठ आली की डावी बाजू जगातूनच पुसली जाते. डोळे चांगले असतात, पण डावीकडे काही असतं हेच माणसाला सुचत नाही. ताटातलं उजवीकडचं तेवढं जेवतो. केस अर्धेच विंचरतो. स्वतःचा डावा हात दाखवला तर म्हणतो, हा दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

मी कार्ड वाचलं. ही तर ताई होती.

ताई दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायची. मी म्हणायचे, डोळे घरी ठेवून चालतेस का? अर्धं ताट तसंच ठेवायची. मी म्हणायचे, उरलेलं कोण खाणार, नोकर? आपला डावा हात मांडीवर घेऊन म्हणायची, हा आईचा आहे, बघ किती गार पडलाय. आईला जाऊन वीस वर्षं झालेली. मी म्हटलं, सोंगं पुरे आता. नऊ महिने हेच म्हटलं. मग डोक्याचा फोटो काढला तेव्हा लिंबाएवढी गाठ निघाली.

कार्ड मी घेतलं. ती खरं बोलत होती, हे मला अंगावर घेऊन बघायचं आहे. ती असती तर एवढंच विचारलं असतं, मला माफ केलंस का. दुसरं मला कुणाकडून काही नको.

३० जुलै

जमतंय. मला शिकवावं लागत नाही, ताईला आठवलं की होतं. रेघेचा मध्य काढायला सांगितलं की मी खूण उजव्या टोकाजवळ करते. मॅडम मुलांना म्हणाल्या, नीट बघून ठेवा, पुस्तकात इतकं स्पष्ट मिळणार नाही.

जेवताना मास्तर म्हणाले, बाई, प्रवास संपला, उतरा आता खाली. मला कळेना. त्यांनी माझं ताट फिरवलं. डावीकडचा भात तसाच होता.

६ ऑगस्ट

आज माझ्याकडे सात नंबर होता, अकरा नव्हे. तरी एका चष्मेवाल्या मुलीने सगळं तपासायचं म्हणून मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. मी सरळ काढलं, बारा आकडे, दोन काटे. तिने कागद मॅडमना दाखवला. मॅडमनी विचारलं, आज कार्ड बदललंत का? मग कागद माझ्यापुढे धरला आणि हळूहळू उजवीकडे सरकवत नेला. बाराही आकडे उजव्या अर्ध्यात दाटीने बसले होते, डावा अर्धा कोरा.

सवय लागली असेल, म्हटलं. मॅडम हसल्या, म्हणाल्या, कामात फार मुरलात तुम्ही. काळजी घ्या.

मी ते मुद्दाम काढलं नव्हतं.

११ ऑगस्ट

सकाळी चहा घेताना मांडीवर कुणाचा तरी हात दिसला. घाबरले नाही. बोटं ओळखीची वाटली. उजव्या हाताने त्यावर हात ठेवला, तर गार होता.

ताईचा आहे.

वेडेपणा आहे, मला कळतं. सगळं शिकून झालं आहे, पत्ता पाठ आहे. पण मी रेनकोट घालत होते तेव्हा त्या हाताने माझी वरची दोन बटणं लावून दिली. शाळेत जाताना ताईच लावायची. खिडकीतून वारा आला तेव्हा खांद्यावर शाल ओढली. मी काही सांगितलं नव्हतं.

आज सहा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले. अर्ध्या ताटाचं जेवले असेन, पण पोटभर.

१९ ऑगस्ट

आज परीक्षा होती. मला अकरा नंबर.

शेवटी चष्मेवाली आली. डावा पाय उचला म्हणाली, मी अशक्त असल्यासारखा उचलला. मग तिने किल्लीच्या टोकाने माझ्या डाव्या तळव्यावर रेघ ओढली. ही तपासणी आम्हा खोट्या रुग्णांवर नुसती करायची म्हणून करतात. निरोगी माणसाचा अंगठा खाली वळतो. मेंदूकडून येणारी वाटच तुटली असेल तर तो आपोआप वर उठतो. मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, सगळी सोंगं आणता येतील, पण तळव्याला सोंग येत नाही. म्हणून परीक्षक तोंडाने सांगतो, अंगठा वर गेला असं समजा.

मुलगी म्हणाली, वर गेला. मॅडम चिडल्या, म्हणाल्या, जे दिसतं ते सांग, पाठ केलेलं सांगू नकोस. ती रडवेली झाली, पण वरच गेला म्हणाली. मॅडम उठल्या, स्वतः किल्ली घेतली.

त्यांनी तीनदा रेघ ओढली. मग किल्ली खिशात ठेवली आणि मुलांना बाहेर पाठवलं.

माझ्याजवळ बसून त्या हळू बोलल्या. बाई, हे नाटक नाही. डोक्याचा फोटो २२ तारखेला सकाळी दहा वाजता. गाठ असली तरी लवकर काढली तर माणूस वाचतो, उशीर केला तर हातात काही राहत नाही. घरात असं कुणाला झालं होतं का, विचारलं.

नाही म्हणाले.

२० ऑगस्ट

जायचं नाही असं ठरवलं. गाठ काढली की हा हात माझा होईल, आणि मग ताई पुन्हा नाही. मी तिला अजून विचारलेलंही नाही.

मास्तर येऊन गेले. मॅडमनीच पाठवलं असणार. दारातच ओरडले, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? मग स्वतःच म्हणाले, नाहीये ते, तेवढंच तर बघायचंय. परवा साडेनऊला न्यायला येतो म्हणाले. नको म्हटलं तरी येणार.

ते गेल्यावर हात मांडीवर घेऊन विचारलं. ताई, मला माफ केलंस का.

हात मिटला. पुढे काही नाही.

ही वही अरुंद आहे, आधी लक्षात आलं नव्हतं. ओळ सुरू होते न होते तोच संपते.

२१ ऑगस्ट, सकाळ

खाताना हाताने माझी हनुवटी धरली. घट्ट. तोंड उघडेपर्यंत सोडली नाही. चमचा दातांवर आपटला, ओठ फुटला.

मग उजव्या मनगटाला चिमटा. कातडी पिरगाळून. निळं पडलं आहे.

ताईने मला कधी बोट लावलं नाही. ताईचं हे नाही.

दुपार

लिहायलाच हवं. कुणाला सांगितलेलं नाही.

हनुवटी अशी मी धरायचे. ताई जेवायची नाही तेव्हा. चिमटा मी काढायचे, तिच्या डाव्या हाताला. तो तिला आपला वाटायचा नाही, म्हणून ओरडायचीही नाही. नुसतं विचारायची, त्या बाईला कोण मारतंय?

तेव्हा गाठ सापडलेली होती. सोंग नाही हे मला कळलेलं होतं. तरी.

शेवटच्या दुपारी ती म्हणाली, डोकं फुटतंय, डॉक्टरांना फोन कर. रोजच म्हणायची. मी दमले होते. तिच्या उशाशी फोन होता. ती आपणच करेल, डॉक्टर येतील, पुन्हा सगळं धावपळीचं. मी फोन उचलला आणि तिच्या डावीकडे ठेवला. हातभर अंतरावर. डावीकडचं तिला नसतं हे माहीत असून.

मग दार ओढून घेतलं आणि बागेत जाऊन बसले. दीड तास.

परत आले तेव्हा ती अंथरुणाच्या उजव्या कडेला होती. उजवीकडची चादर सगळी चाचपून झालेली. फोन जिथल्या तिथे.

हात ताईचा नाही. माझाच आहे. हा माझाच हात आहे, ओळखला मी —

उद्या जाणार. मॅडमना सगळं सांगणार. मला मरायचं नाही.

२२ ऑगस्ट

नऊ वाजले. कपडे घातले. चप्पल एकच सापडली.

फोन समोर होता. मास्तरांना लवकर या म्हणणार होते. हात पुढे आला आणि घेऊन गेला. कुठे —

उजवीकडे टेबल आहे, खिडकी आहे, भिंत आहे. दार नाही. काल होतं.

साडेनऊ

फोन वाजतो आहे. जवळच. हातभरावर. दिसत नाही.

मॅडम मुलांना सांगायच्या, अशा माणसाला शिकवावं, उजवीकडे वळत वळत पूर्ण फेरी घे, म्हणजे हरवलेली बाजू सापडते. उठले. वळले. पाय दुमडला, पडले. आता जमिनीवरून लिहिते आहे. पुन्हा वळायला बघते, पण वळता येत नाही. कुणीतरी पलंगाचा पाय धरून ठेवला आहे. माझ्याच खांद्याला ओढ बसते —

मास्तर आले. दार ठोठावतात. हाक मारतात, बाई, कडी काढा. आत आहे म्हणून ओरडले, त्यांनी ऐकलं. म्हणतात, कडी आतून आहे, उठा, दोन पावलं या. कुठे येऊ? आवाज येतो ती जागाच नाही.

उजवीकडे चाचपते आहे. फरशी. भिंत. फरशी.

रखवालदाराला बोलवायला गेले वाटतं. जिन्यात पावलं उतरली. दार तोडतील. तोडा, लवकर —

हाताने पलंग सोडला. मोकळी झाले. आता वळते —

हनुवटीला गार लागलं. तोंडावर येतो आहे. नाक — ताई, मी फोन डावी