रिकाम्या लाँचचं ओझं

७ जानेवारी १९९६

ईश्वरी, तुझी आजी पोचली बरं का. केजला जीपमध्ये बसवताना म्हणालीस, रोज काय केलं ते लिहून ठेव. मला अक्षर येत न्हाई हे ठाऊक असून म्हणालीस. म्हणून तुझ्या काकूला, प्रणिताला, कामाला लावलंय. मी सांगते, ती लिहिते. मधेमधे हसते, ते मात्र लिहीत नाही.

तुझ्या काकाचं, रुद्रेशचं, पत्र्याचं घर अगदी धरणाच्या काठावर. पडवीत बसलं की पाणीच पाणी. ह्याच पाण्याच्या मधोमध, तळाशी, माझं सासर. नवरी होऊन बैलगाडीतून ज्या गावात उतरले ते बुडालं, आणि म्हातारपणी मी त्याच्या काठावर पाहुणी. पण हवा झकास. जेवण दुप्पट जातंय. प्रणिताला म्हटलं, मला परत धाडायचं असेल तर भाजी बिघडवत जा.

रुद्रेशनं सरकारी लिलावातली जुनी मोटारलाँच घेतलीय. मधे पेटीत इंजिन, भोवती लाकडी बाकडी, वर ताडपत्री. बाहेरून, पाण्याच्या जरा वर, पांढरा पट्टा. ओझं जास्त झालं की पट्टा बुडतो म्हणे. त्या काठची माणसं ह्या काठच्या बाजाराला आणायची, हा त्याचा धंदा. नोकरी सोडून हे धरलंय पोरानं, म्हणून मी तोंड आवरून बसलेय.

१० जानेवारी

तोंड फार आवरता आलं न्हाई. लाँच चालत नाही गं. चालते, पण माझ्यासारखी, दर पावलाला कण्हत. काळा धूर सोडते. सकाळी त्या काठची माणसं आणायला रुद्रेश रिकामाच निघतो, तेव्हा सगळ्यात जड चालते. परत येताना माणसं, पाट्या, शेळ्या भरलेल्या, तरी बदकासारखी येते. रिकाम्या पोटी दम लागणारी ही पहिलीच पाहिली.

केजहून बंकट मिस्त्री आलाय. आल्या आल्या त्यानं इंजिन उघडलं आणि आमची पडवी ऑईलनं माखली. प्रणिता नुसती पडवी पुसत राहिली, जोरजोरात.

१५ जानेवारी

बंकटनं डिझेलचा फिल्टर बदलला. नोझल साफ केले. पाण्यात उतरून पंख्यात गुंतलेलं गवत आणि कुणाचं तरी लुगडं काढलं. फरक शून्य. तो म्हणतो, काळा धूर म्हणजे इंजिनावर ओझं. मग ओझं कशाचं हाय ते सांगा.

एक गोष्ट त्यानं दोनदा जाऊन पाहिली. लाँच रुद्रेशनं बांधलेल्या दगडी धक्क्यापासून निघते ती जड. मधोमध गेली की आपोआप हलकी होते, धूर थांबतो. मधोमध म्हणजे बुडालेल्या गावावर. रुद्रेश म्हणाला, वारा असेल. बंकटनं पाण्याकडं पाहिलं. पाणी ताटासारखं स्थिर होतं.

२१ जानेवारी

नवं इंजिन आलं. आता बाजारात पाहिजे ते मिळतं, फोन केला की टेम्पोत बसून येतं. त्याला हळदकुंकू लावलं. बंकटनं बसवलं, बांधल्या जागी चालवून पाहिलं, आवाज ऐकून खूश झाला.

पहिल्या खेपेला मी हट्टानं बसले. आम्ही चौघंच. धक्का सोडला आणि प्रणितानं खाली वाकून पाहिलं. पांढरा पट्टा पाण्यात बुडालेला. नवं इंजिन जुन्यासारखंच कण्हायला लागलं. काळा धूर. बंकट आमच्याकडं पाहायचा, मग रिकाम्या बाकड्यांकडं. मधोमध गेल्यावर लाँच एकदम उचलली गेली, जशी खाटेवरून माणसं उठल्यावर खाट उचलली जाते.

परत आल्यावर त्यानं हत्यारं गोळा केली. पैसे नको म्हणाला. जाताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, “आजी, इंजिनात खोट न्हाई. लेकाला लाँच ईकायला सांगा.”

२३ जानेवारी

आज प्रणिता बाकडी पुसायला गेली आणि मला हाक मारून नेलं. बाकड्यांवर ओल. ठिकठिकाणी, बसल्या माणसाच्या बैठकीएवढी. मांडी घातल्यावर उमटावी तशी, गुडघ्यांसकट. प्रत्येक ओलीपुढं डावीकडं चिखलाचं थोडं पाणी साठलेलं. प्रणिता म्हणाली, आत्याबाई, ताडपत्री गळत असेल. पाऊस कुठंय गं?

ईश्वरी, तू लहान आहेस, पण सांगते. आपल्यात माणूस गेलं की जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, खड्ड्यात, डाव्या तळव्यावर गळ्यातलं लिंग ठेवून. मग माती लोटतात, वर दगड बसवतात. जुन्या गावाची सगळी समाधीची जागा धरणाखाली गेली. तुझे आजोबा, रुद्रेशचे अण्णा, तेही तिथंच बसलेत.

२६ जानेवारी

आज दगड सापडला.

धक्क्याच्या खालच्या पायरीवर बसून पाय धूत होते. सगळेच धुतात, लाँचमध्ये चिखल नको म्हणून. पायरीच्या बुडाशी बोटं गेली. घडीव काम लागलं. लिंग कोरलेलं. शेजारी नंदी, त्याचं एक शिंग तुटकं. ते शिंग पाथरवटाच्या हातून मोडलं तेव्हा मी भांडले होते त्याच्याशी. तेरावं व्हायच्या आत भांडले म्हणून सासू माझ्यावर तापली होती.

उभ्या जन्मात नवऱ्याला पाय लावला न्हाई. इथं आल्यापासून रोज—

२७ जानेवारी

रुद्रेशला विचारलं. लपवलं नाही त्यानं. गेल्या उन्हाळ्यात पाणी आटलं, जुन्या गावाची जमीन उघडी पडली. तयार दगड मोकळे पडलेले. मजूर लावून आणले, धक्का बांधला. कोरीव बाजू खाली घातली, कुणाचा पाय पडू नये म्हणून. एवढी अक्कल होती. बापाचा दगड कुठला हे त्याला काय माहीत, तो तेव्हा पाळण्यात.

माझी सासू सांगायची, समाधीचा दगड हलवू नये, आतलं माणूस दगडामागं येतं. म्हणजे ती सगळी धक्क्यावर बसलेली. रोज लाँचमध्ये चढतात, आपल्या जागेवर उतरतात. पण दगड इथं. पुन्हा इथंच यावं लागतं.

रुद्रेश हसला नाही. म्हणाला, मला ठाऊक हाय, माय. ते माझ्याशी बोलतात.

२९ जानेवारी

तो जेवत नाही. लाँचमध्येच बसून असतो, मांडी घालून. इंजिन बंद. डावा तळवा समोर धरलेला. तळव्यात पाणी साठतं. प्रणिता पदरानं पुसते. पुन्हा साठतं. हात बर्फ.

मी टोमणे मारले, शिव्या दिल्या, लहानपणी घाबरवायचे तसं घाबरवलं. माझ्याकडं पाहतो, पण मधे कुणीतरी उभं असल्यासारखा, मान वाकडी करून.

३१ जानेवारी

मजुरांनी धक्का फोडला. दगड लाँचमध्ये. सगळे. उद्या उजेडी परत नेऊन टाकायचे, जागच्या जागी. रुद्रेश चालवतो म्हणाला. आवाज त्याचाच होता. म्हणून बरं वाटलं.

मजूर यायला तयार नाहीत. आम्ही तिघंच.

१ फेब्रुवारी

लाँचमध्येच लिहितोय. प्रणिता सारखी काठाकडं पाहतेय, म्हणून म्हटलं, लिहीत राहा, हाताला काम राहील.

दुपार. ऊन आहे. मधोमध आलो, इंजिन आपणहून बंद पडलं.

एकेक दगड सोडतोय. दगड गेला की लाँच वर येते, दगडाच्या वजनापेक्षा जास्त. ओल वाळतेय. जा बाबांनो, बसा आपापल्या जागी.

पांढरा पट्टा दिसला— पण एकाच बाजूनं. रुद्रेशच्या बाजूनं नाही.

शेवटचा दगड त्याच्या मांडीवर. तुटक्या शिंगाचा. सोडत नाही. आम्ही दोघी ओढतोय, हलत नाही. त्याच्याकडची बाजू खाली चाललीय. पाणी काठाला—

म्हणतो, “माय, अण्णा म्हणतात, चल. मला कडेवर घेतलं न्हाई म्हणतात कधी.”

प्रणिता रडते. रडत लिही, पण लिही.

अहो. ऐका. पोर माझं आहे, मी वाढवलंय. तुम्हाला सोबत पाहिजे ना— एकटं बसून कंटाळलात— मग मला सांगायचं, लेकराला कशाला—

रुद्रेश, दगड माझ्या मांडीवर ठेव. ठेव म्हणते ना.

सोडला. त्यानं सोडला. लाँच त्याच्या बाजूनं वर आली. त्याचा हात गरम आहे, प्रणिता, बघ, त्याचा हात—

ओलं लागतंय मला. मांडीखाली. इंजिन चालू कर रे, मागं पाहू नकोस. प्रणिता, माझा पदर सोड, सोड गं, तुला त्याला घेऊन घरी—

आलेच हो, जरा सरकून बसा