काटा 'ई'वर, टाकी तुडुंब

६ मे, रविवार

ही वही कोणाला दाखवायची नाही. पण पराक्रम करायचा म्हटलं की त्याची नोंद असलेली बरी.

आज जेवताना सासरेबुवांनी जाहीर केलं. सासरेबुवा म्हणजे आर्विड, वय शहाऐंशी, चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेला माणूस. १० जूनला आमच्या गावचा दुग्धोत्सव. यंदा मिरवणुकीत त्यांचा सत्कार आहे. म्हणाले, मी बसेन तर माझ्याच गाडीत. म्हणजे १९६६ची व्हॅलियंट. ती गेली अकरा वर्षं त्यांच्या गोठ्यात उभी आहे आणि तिच्या पेट्रोलच्या टाकीची गंजून चाळण झाली आहे. डोळ्यांपायी त्यांचं लायसन्स गेलं. तेव्हा चालवणार मी.

अट अशी. क्रीमरीपासून, म्हणजे लोणी-चीजच्या कारखान्यापासून, चर्चपर्यंत गाडीने त्यांना स्वतःच्या बळावर नेलं, तर गाडी माझी. नाही नेलं, तर जुन्या गाड्या जमवणारा मिलवॉकीचा एक माणूस दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ट्रेलरवर घालून ती घेऊन जाईल.

मार्लिसने, माझ्या बायकोने, हातातला काटा-चमचा खाली ठेवला. ती याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकली. सीटची कव्हरं तिच्या आईने शिवलेली आहेत, अजून धड आहेत. ती काही बोलायच्या आत मी हो म्हणालो. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी डिशवॉशर दुरुस्तीला उघडला होता तेव्हा असंच पाहिलं होतं.

मी निवृत्त वजनमापे निरीक्षक आहे. या काउंटीतल्या प्रत्येक पेट्रोल पंपाचं माप तीस वर्षं मी तपासलं. पेट्रोलच्या बाबतीत मला कोणी शिकवायची गरज नाही.

संकल्प: टाकी दोन दिवसांत बदलायची. तिसऱ्या दिवशी पॉलिश.

१२ मे, शनिवार

गाडी आमच्या गॅरेजात. टाकी डिकीखाली दोन पट्ट्यांवर लटकलेली असते. नट ढिम्म हलेनात. मार्लिस म्हणाली, तेल सोड आणि सकाळपर्यंत थांब. मी म्हटलं, मनगटात जोर असणाऱ्याला तेल लागत नाही.

बोल्ट तुटला. म्हणजे निघालाच की.

जुनं पेट्रोल बादलीत काढलं. वास अकरा वर्षं मुरलेला. मार्लिसने माझे कपडे बाहेर कुंपणावर टाकले. रात्रीचं जेवणही मी बाहेरच घेतलं. हवा छान होती.

१३ मे, रविवार

टाकी खाली आली. माझ्या अंगावर.

आत गंजाचे पोपडे खुळखुळतात. सेंडिंग युनिटही गेलेलं. हा टाकीतला छोटासा भाग. त्याच्या दांडीला एक तरंगता गोळा असतो. तो पेट्रोलबरोबर वरखाली होतो आणि डॅशबोर्डवरच्या काट्याला खबर देतो. इथला गोळा भोक पडून बुडालेला होता. म्हणजे सासरेबुवांच्या गाडीचा काटा वर्षानुवर्षं 'ई'वर, रिकाम्यावर, पडून होता आणि या गृहस्थांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

ते आले तेव्हा मी हे बोलून दाखवलं. त्यांनी डिकीतून विलोच्या झाडाची एक लांब, लवचिक फोक काढली, तिच्यावर चाकूने खाचा केलेल्या. म्हणाले, मी आयुष्यभर हीच टाकीच्या तोंडातून आत घालून बघतो. काटा काय, बसल्या जागेवरून सांगतो, फोक आत जाऊन बघून येते.

मी स्पष्ट सांगितलं की यापुढे या गाडीत मोजमाप यंत्रानेच होईल. ते गेल्यावर फोक नेऊन वाटाण्याच्या वेलाला आधाराला लावली. तिला शेवटी योग्य काम मिळालं.

१९ मे, शनिवार

नवी टाकी आली. चकचकीत. मार्लिस म्हणत होती, सेंडिंग युनिट याच गाडीचं मागव, टाकीबरोबरच. मी जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो आणि एक सुरेख युनिट घेऊन आलो. दुसऱ्या कंपनीच्या गाडीचं आहे. पण विकणाऱ्याने शब्द दिला की आत सगळी सारखीच असतात. माणूस प्रामाणिक वाटला. भोकात बसेना, म्हणून कानशीने जरा समजावलं.

२० मे, रविवार

टाकी बसली. युनिट बसलं. दोन वॉशर आणि एक रबरी कडं उरलं. त्या काळी कारखान्यात सढळ हाताने सामान घालायचे.

२१ मे, सोमवार

डिकीत पेट्रोलचा वास. नवी टाकी म्हटल्यावर वास यायचाच. मार्लिसने ते रबरी कडं माझ्या उरलेल्या सामानाच्या बशीतून उचललं आणि बाहेर गेली. आता वास नाही. म्हटलं नव्हतं का, दोन दिवसांत जाईल.

२६ मे, शनिवार

गाडी सुरू झाली! मार्लिस पायरीवर उभी होती. तिने डोळे पुसले. मीही पुसले, पण माझ्या डोळ्यांत धूर गेला होता.

कॅनमधलं अर्धा गॅलन घालून पंपावर निघालो. काटा चक्क 'एफ'वर, भरलेल्यावर. वाटलं, नवी टाकी काटकसरी दिसते. पंपावर भरायला लागलो. डब्बल खात्री म्हणून खिडकीतून बघतो तर काटा खाली खाली चाललेला. गळती म्हणून वाकून पाहिलं, जमीन कोरडी. आणखी भरलं. काटा आणखी खाली. शेवटी पेट्रोल तोंडातून उसळून माझ्या बुटांवर आलं आणि काटा 'ई'वर टेकला.

पंपवाला ड्वेन म्हणाला, साहेब, माझ्या पंपाचं माप बरोबर आहे ना? हसत होता. दोनदा सील ठोकलं होतं त्याच्या पंपाला, ते विसरलेला नाही.

२७ मे, रविवार

विचार केला. बिघाड वगैरे काही नाही. त्या दुसऱ्या कंपनीची मोजायची रीत उलटी आहे, एवढंच. सामान्य काटा सांगतो पेट्रोल किती उरलं. माझा सांगतो टाकीत जागा किती उरली. दोन्ही माहिती एकच. खरं तर माझी जास्त उपयोगी, कारण पंपावर आपल्याला जागाच भरायची असते. तीस वर्षं खात्यात काढून हे सुचलं नाही याचं आश्चर्य वाटतं.

२८ मे, सोमवार

मार्लिस म्हणते, एका दुपारचं काम आहे, योग्य युनिट घालून टाकू. मी म्हटलं, या काट्याला कोणीही हात लावायचा नाही. मी लावलेलं यंत्र आहे आणि मला ते समजतं. ती म्हणाली, बाबा शेजारी बसणार आहेत. त्यांना कळलं की जावईबापूंनी काटा उलटा लावलाय, तर मरेपर्यंत ऐकवतील, आणि ते शंभरी गाठणार आहेत. मी म्हटलं, कळू दे, त्यांनाही दोन गोष्टी शिकता येतील.

मग तिने एकदम विषय बदलला. पटलं असावं.

२ जून, शनिवार

काट्यावर माझा इतका हात बसला आहे की आज मार्लिसच्या पिकअपमधून जाताना तिचा काटा 'एफ'वर दिसला आणि मी घाबरून थेट पंपावर गाडी वळवली. अर्ध्या गॅलनमध्येच नळी खट्कन बंद पडली. मार्लिस हसून हसून डॅशबोर्डवर डोकं टेकून बसली. चूक तिच्या काट्याची. तो मागासलेला आहे.

७ जून, गुरुवार

व्हॅलियंट भरून आणली. काटा 'ई'वर, टाकी तुडुंब. क्रोम पुसलं. उद्या-परवा खात्यातल्या जुन्या दोस्तांबरोबर तळ्यावर मासे धरायला जातोय. मोठ्या कामाआधी मन शांत हवं. गॅरेजला हात लावू नको असं मार्लिसला बजावलं. ती हो म्हणाली, जरा जास्तच लवकर.

९ जून, शनिवार

परत आलो. मासा एक, पण अनुभवी.

मार्लिसच्या हातांना पेट्रोलचा वास येत होता. गवत कापायचं मशीन बिघडलं असेल, बिचारी माझ्यावाचून खटपट करत बसली असणार. संध्याकाळी व्हॅलियंटची किल्ली फिरवून पाहिलं. काटा 'ई'च्याही खाली! एक थेंब कमी नाही, उलट मुरून वाढलंय. मार्लिसने विचारलं, काटा बघितलास ना? मी म्हटलं, बघितला, उत्तम आहे. तिचा चेहरा उजळला. म्हणाली, मग सकाळी काय ते करशीलच. मी म्हटलं, करेनच. आमच्यात असा समजूतदारपणा फार दिवसांनी आला.

१० जून, रविवार, सकाळ

मार्लिस पहाटेच चर्चमध्ये गेली, क्रीम पफमध्ये मलई भरायला. मिरवणुकीचा शेवट तिथेच होणार, ती पायऱ्यांवर उभी राहून बघणार आहे.

वाटाण्याचा वेल आडवा पडलाय. ससे.

सासरेबुवा टायसकट तयार. काटा बरोबर आहे ना, विचारत होते. त्यांना डायल दिसत नाही. मी म्हटलं, जिथे असायला हवा अगदी तिथे.

१० जून, संध्याकाळ

नोंद करतो. निरीक्षकाने नोंद टाळू नये.

पुढे अग्निशामक गाडी, मग बँड, मग आम्ही, मागे जुने ट्रॅक्टर. सुरुवातीलाच बराच वेळ इंजिन चालू ठेवून उभं राहावं लागलं. सासरेबुवा हात हलवत होते. लोक आर्विड, आर्विड ओरडत होते. मी पण थोडा हात हलवला.

बँकेसमोर गाडीने दोन उचक्या दिल्या आणि बंद पडली. चर्चचा कळस दिसत होता.

बॉनेट उघडलं. कॉइल, हवामान, बँडचा आवाज, सगळ्या शक्यता तपासल्या. सासरेबुवा म्हणाले, पेट्रोल संपलंय. मी म्हटलं, अशक्य, टाकी भरलेली आहे, काटा बघा. त्यांनी विचारलं, काटा कुठे आहे? मी म्हटलं, 'ई'वर. अभिमानाने म्हटलं, तेही लिहून ठेवतो.

मग त्यांनी सीटखाली हात घातला आणि फोक काढली. वाटाण्याचा एक तंतू अजून तिला चिकटलेला होता. हळूहळू उतरून मागे गेले, झाकण काढलं, फोक आत घातली, बाहेर काढली आणि गावाला दाखवली. कोरडी ठणठणीत. गावाला वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग आहे. टाळ्या थांबेनात.

मागच्या ट्रॅक्टरने आम्हाला दोराने ओढत चर्चपर्यंत नेलं. मार्लिस पायऱ्यांवर उभी होती. तिच्या हातात क्रीम पफचं ताट होतं आणि ती हसत नव्हती. मला आजवर इतकं वाईट कधी वाटलं नाही.

११ जून, सोमवार

मार्लिसने सांगितलं. शुक्रवारी मी गेल्यावर तिने तळाशी थोडं सोडून टाकीतलं पेट्रोल काढलं, योग्य युनिट बसवलं आणि काढलेलं पेट्रोल तिच्या पिकअपमध्ये ओतलं. गुपचूप, बाबांसमोर माझं हसं होऊ नये म्हणून. म्हणाली, मला वाटलं, काटा खाली दिसला की तू भरशील. कोणीही भरतं. मग पुन्हा म्हणाली, कोणीही, लायल.

मी म्हटलं, माझी पद्धत बरोबरच होती, काटा फितूर झाला. हे मी अजूनही म्हणतो. पण तिच्या बोटांवर पान्याने निघालेली सालं दिसली आणि मी मलमाची डबी शोधायला उठलो.

ट्रेलरवाला दहाला यायचा होता. सासरेबुवा त्याआधीच आले. मी म्हटलं, अट अट असते, मी हरलो. ते म्हणाले, तुम्ही हरलात, गाडी कुठे हरली? तिला प्यायला दिलं असतं तर ती शिकागोपर्यंत गेली असती. त्यांनी आमच्याच फोनवरून मिलवॉकीला कळवलं की येऊ नका. मग किल्ली मार्लिसच्या हातात ठेवली. ती आईच्या कव्हरवर बसली आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून राहिली. मला माझ्या पदरात काय पडणार ते कळेना. सासरेबुवांनी फोक पुढे केली. म्हणाले, घ्या जावईबापू, ही तुमची.

दुपारी आम्ही तिघं पंपावर गेलो. मार्लिस चालवत होती, सासरेबुवा पुढे, मी मागे. मी भरलं. काटा वर वर जात 'एफ'वर टेकला. ड्वेन बघत होता, तरी मी फोक आत घालून बघितली. वरच्या खाचेपर्यंत ओली होती. मार्लिसने हॉर्न वाजवला, म्हणून झाकण लावून मागे जाऊन बसलो.