त्या बरोबरीबद्दल, सर

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हॉकीची शिट्टी ऐकली की माझी नजर अजून तुम्हाला शोधते. परवा इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबात नातीच्या युनिव्हर्सिटीची मॅच होती, लीगमधली शेवटची. बरोबरी झाली तर दोन्ही संघ नॅशनलला जाणार, आणि एक हरला तर त्याच्या जागी तिसरा. त्या तिसऱ्या संघाच्या मुली कुंपणाला टेकून उभ्या होत्या. एक-एक गोल झाला आणि मग खेळच विझला. आमची नात बॅक. ती चेंडू शेजारणीला द्यायची, शेजारीण तिला. समोरच्या मुली दारातली रांगोळी बघावी तशा लांबून बघत होत्या.

खडकीच्या मैदानावर असंच झालं होतं, आठवतं? रेफरी तुम्ही. बरोबरीत आमचंही भागत होतं, समोरच्यांचंही. म्हणून सगळे चेंडू नुसता कुरवाळत होतो. तुम्ही शिट्टी मारून खेळ थांबवलात आणि म्हणालात, "लेको, वर्गात कवितेची शेवटची ओळ गिळता, इथेही गिळताय?" मग आम्ही जीव तोडून खेळलो आणि हरलो. घरी जाताना तुम्ही दोन्ही संघांना उसाचा रस पाजलात. हरल्याचं दुःख त्या रसात कसं विरघळलं, मला अजून उमगलेलं नाही.

गाडीत मी नातीला विचारलं, "तुमचं आधी ठरलं होतं का गं?"

"नो वन सेड एनीथिंग, आजोबा." रस्त्यावरची नजर न काढता ती पुढे म्हणाली, "पॉइंट्स टेबल सगळ्यांना पाठ होतं."

इतका निर्मळ चेहरा की मला त्या चेहऱ्याचाच संशय येऊ लागलाय. फोनवर हसली तरी वाटतं, पलीकडे त्या दुसऱ्या संघातलीच कुणी असेल. आज चहा देताना म्हणाली, "नॅशनल्सला येणार ना, आजोबा?" मी मान हलवली. तिला तुमची खडकीची गोष्ट सांगायची होती, पण सांगितली नाही.

हे पत्र टाकायला पेटी कुठली, म्हणून हेही लिहून टाकतो. परवाच्या मॅचमध्ये अगदी शेवटी समोरच्या एका मुलीला काय वाटलं कोण जाणे, ती चेंडू घेऊन एकटीच आमच्या गोलाकडे धावली. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अगं, कशाला?" मराठीत होतं, म्हणून आजूबाजूला कुणाला कळलं नाही. तुम्हाला कळलं असतं.