डावीकडे ओढणारी गाडी

२ फेब्रुवारी, सोमवार

परत तिथेच आपटले! सरळ रस्ता संपला, विळा आला, स्टिअरिंग डावीकडे वळवलं आणि गाडी डाव्या भिंतीला घासत गेली. वेग दोनशे ऐंशी. पडद्यावरच्या खेळातली गाडी आहे, कळतंय मला – तरी ओरडलेच. विळा हे नाव आम्हीच ठेवलंय. या ट्रॅकवरचं सगळ्यात वेगाचं डावं वळण. ब्रेक न लावता घ्यायचं असतं.

हा सगळा धाकटीचा उद्योग. जेवायच्या टेबलाला स्टिअरिंग आवळून टाकलंय, खाली पेडल. आम्ही दोघी बहिणी आता मांडीवर ताट घेऊन जेवतो. म्हणे, "ताई, रविवारी जोडीची शर्यत आहे. अर्धा वेळ तू, अर्धा वेळ मी. तू तर पोटापाण्यासाठी गाडी चालवतेस!" शाळेची व्हॅन मी चाळीसच्या वर नेत नाही, हे तिला कोण सांगणार. पण दुपारी दोन फेऱ्यांच्या मधे ती प्रेसमध्ये असते, मी घरात एकटी. मग बसते.

३ फेब्रुवारी

दोष गाडीचा आहे. डावीकडे ओढते! उगाच मी स्वतःला बोल लावत होते.

या खेळात गाडीचं सगळं बदलता येतं – टायरमधली हवा, चाकांचा कोन, मागचा पंख. पंख वर केला की गाडी वळणात जमीन धरून राहते, पण सरळ रस्त्यावर वेग मरतो. मी तो वर केला. वेग गेला आणि भिंत काही सुटली नाही.

मग व्हॅनवर शिकलेलं आठवलं. कमी हवेच्या बाजूला गाडी ओढली जाते. उजव्या चाकांतली हवा उतरवली. थोडा फरक पडला. उद्या पुढच्या चाकांचा कोनही उजवीकडे देऊन बघते.

५ फेब्रुवारी

जमलं!! विळा आज लागोपाठ साफ घेतला. भिंत कुठे होती तेसुद्धा कळलं नाही. धाकटीला फोन करून सांगितलं. "वा गं माझी वाघीण," म्हणाली. मागे छपाईची धडधड ऐकू येत होती.

संध्याकाळी मात्र मूड गेला. शाळेच्या फाटकात व्हॅनचा डावा आरसा खांबाला लागून फुटला. वॉचमनने उजवीकडची कुंडी मधे सरकवून ठेवली असणार, त्याशिवाय कसं होईल? मागच्या महिन्यात डावं दारही असंच खरवडलं होतं. वॉचमनला चार शब्द सुनावले. तो बिचारा कुंडीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला.

८ फेब्रुवारी, रविवार

शर्यत झाली. झाली म्हणजे बोंबललीच. मी माझा अर्धा वेळ नीट काढला, सातव्या नंबरवर गाडी धाकटीच्या हातात दिली. तिने सरळ रस्त्यावर वेग घेतला आणि गाडी उजवीकडे पळाली! गवत, मग गिरकी, मग भिंत. खेळ खलास.

आधी हसली. "ताई, काय करून ठेवलंयस हे? ही सरळ जातच नाही!" मी म्हटलं, मूळची गाडीच वाकडी होती, मी सरळ केली. तर म्हणाली, बस, चालवून दाखव. मी चालवली. रेषेसारखी सरळ गेली. मग तिने माझे सगळे बदल काढून टाकले आणि स्वतः एक फेरी मारली. सरळ. सरळ रस्त्यावर दोन्ही हात सोडूनसुद्धा सरळ. "आता तू." मी बसले. विळ्यात डाव्या भिंतीला.

या वेळी ती हसली नाही. मला बरं वाटेना. डोकं दुखतंय म्हणून खोलीत येऊन पडले.

९ फेब्रुवारी

आज धाकटी प्रेसमध्ये गेलीच नाही. दुपारी मला खुर्चीत बसवलं, समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघायला सांगितलं आणि पाठीमागे चमचा घेऊन उभी राहिली. मी थट्टा करत होते – काय भरवतेस का? उजवीकडून चमचा आणला. दिसला. डावीकडून आणते म्हणाली. मी म्हटलं, आण ना मग. ती म्हणाली, "ताई, आणलाय." मान वळवली तर चमचा गालापाशी होता.

परत केलं. परत तेच. एकेक डोळा झाकूनही तेच! काळं दिसतं, धूसर दिसतं, असलं काही नाही. तिथे काही नाहीच, इतकंच. नाही हेही कळत नाही.

"हल्ली तू ताटाची डावी बाजू तशीच ठेवतेस," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, माझी भाजी आवडत नाही तुला." हसायला गेली आणि रडायलाच लागली. मी तिच्यावर ओरडले. मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

१० फेब्रुवारी

शनिवारी तपासणीची वेळ मिळाली. धाकटी म्हणते, आजपासून व्हॅन बंद. मी म्हटलं, तोपर्यंत अवाक्षर काढायचं नाही कुणापाशी. खूप भांडलो. "मुलं असतात त्यात, ताई!" जसं काही मला माहीतच नाही. पण एकदा तोंडातून निघालं की परत किल्ली कोण देणार? चाळिशीनंतर नवऱ्याचं घर सोडून आले ती या किल्लीच्या जोरावर. दुसरं येतं काय मला?

आज फेरीत मावशींकडे नीट लक्ष दिलं. मावशी दाराशी बसतात, मुलांना चढवतात-उतरवतात. "ताई, डावीकडे सायकल." "ताई, आजोबा येतायत डावीकडून." "ताई, कुत्रं." मी आजवर त्यांना म्हणत आले, मावशी, जरा जिभेला विश्रांती द्या! उजवीकडचं त्या एकदाही काही बोलल्या नाहीत.

मुलं उतरल्यावर विचारलं, तुम्ही डावीकडचंच का सांगता? त्या पिशवीत डबा भरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुम्ही बघत नाही ना तिकडे, म्हणून. मला वाटलं, तेवढ्यासाठीच ठेवलंय मला."

व्हॅन मी चालवत होते की मावशी?

११ फेब्रुवारी

आज सारखी मान डावीकडे वळवत चालवली. मान आखडली. वाटलं, जमेल. शनिवारपर्यंत रेटू.

परतीच्या फेरीत, औषधाच्या दुकानासमोर, एक बाई. हातात बाळ. कुठून आली देव जाणे – बॉनेटसमोर होती! ब्रेकवर उभीच राहिले मी. दप्तरं धाडधाड पुढे आली. मावशी खाली वाकून कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधत होत्या, म्हणून बोलल्या नाहीत. बाई शिव्या घालत निघून गेली. बाळ शांत झोपलेलं.

मागे मुलं हसत होती. "ताई, परत! परत!"

धाकटीला सांगितलेलं नाही. जेवले नाही. अजून दोनच दिवस. दोन दिवसांनी काय मोठं होणार आहे? असं लिहिताना माझीच मला लाज वाटतेय, आणि तरी किल्ली उशाशी घेतली आहे.

१२ फेब्रुवारी

व्हॅन दारातून हलवलीच नाही. पहिली मुलगी आमच्याच गल्लीतली, सगळ्यात लहान. आई तिला घेऊन आली, रोजच्यासारखी. मी खाली उतरून उभी होते. म्हटलं, आजपासून मी नेणार नाही. मला डावीकडचं दिसत नाही.

तिने मुलीला जवळ ओढलं. ओरडेल असं वाटलं. ओरडली नाही. "कधीपासून?" एवढंच विचारलं.

मला माहीत नाही.