तळहातावरचं पाणी

२६ मार्च, शनि.
खोकं आलं! कुरिअरवाल्यानं घरी न येता नवऱ्याच्या, महेशच्या दुकानात टाकलं. त्याचा फोन, "तुझी पेटी वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलीय, घेऊन जा, गिऱ्हाईक विचारायलालेत." रिक्षात मांडीवर घेऊन आले. डोक्याला बांधायचा व्ही.आर. हेडसेट एक, हातात धरायचे कंट्रोलर दोन, भिंतीच्या कोपऱ्यात लावायचे, आपलं चालणं टिपणारे डबे दोन. डब्यासाठी सासऱ्यांचं, अप्पांचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं. अप्पा खाटेवरून नुसते बघत होते. दिवाळीपासून तसेही ते कमीच बोलतात.

सहा आठवडे. ७ मेला नांदेडला, आमच्याच जुन्या कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवायचं. खोकं पाठवणाऱ्या पुण्याच्या कंपनीची अट एका ओळीची : साध्या मोबाइलवर झालाच नसता असा खेळ करा. जमलं तर खोकं आमचं, आणि यंत्र विक्रीला येईल त्या पहिल्या दिवसापासून खेळ त्यांच्या ऑनलाइन दुकानात. नाही जमलं तर खोकं परत पुण्याला, आणि मी जूनपासून परत तासिका तत्त्वावर पोरांना फ्लोचार्ट शिकवायला. राजीनामा देताना सगळ्या स्टाफसमोर काय काय बोलून आलेय मी. आता परत जायचं तोंड नाही.

२७ मार्च
जावेदशी फोनवर भांडण. कॉलेजपासूनचा जोडीदार, तो नांदेडात बसून चित्रं काढतो, मी लातुरात कोड लिहिते, आणि महिन्यातून चारदा भांडतो.
तो : "नवा कुकर आणला म्हणून डाळ नवी होते का गं? पहिला खेळ केला तेव्हा काय होतं आपल्याकडं? दोन बटणं. तरी लोक खेळलेच ना?"
मी : "दोन बटणांत जे सुचायचं ते सुचून संपलं. हात नवा मिळाला की डोकं नवं चालतं."
"बघू."
"बघच."
शेवटी पैज. ज्याचं खोटं ठरेल त्यानं ७ मेला स्टँडपासून हॉलपर्यंत अख्खा पी.सी. एकट्यानं उचलायचा. ग्राफिक्स कार्डासकट भलता जड आहे. उचल म्हणावं.

३ एप्रिल
आठवडाभर रात्रंदिवस नदी केली. मांजरा, काठोकाठ भरलेली. दोन्ही काठ हिरवेगार, जावेदनं खंड्या पक्षी काय काढलाय! शेजारच्या काकूंना हेडसेट बांधला. "अगं बाई, अगं बाई" करत हात पुढं काढून पाण्यात घालायला लागल्या. उतरवायलाच तयार नाहीत. त्यांच्या नळाला पाणी नाही, आज बारावा दिवस.
जिंकलो म्हणजे जिंकलोच. व्हिडिओ पुण्याला पाठवला.

५ एप्रिल
कंपनीच्या पुण्याच्या मॅडमचा (इथून पुढं पु.मॅ.) फोन. गोड आवाज. "सुंदर आहे हो. पण खेळणारा करतो काय?"
"...बघतो."
"हो ना. ते तर टीव्हीवरही बघता येतं."
फोन ठेवला आणि ओट्यावरची भांडी आपटली. महेश म्हणाला, "भांड्यांचा काय गुन्हा?" त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. पण बाईचं खरं आहे. एवढं महागाचं यंत्र आणून मी त्याचं कॅलेंडर केलं. त्याच खिळ्यावर.

१० एप्रिल
नवीनच ताप. मशीन अकरा मिनिटांत तापून बंद पडतं. फेब्रुवारीपासून कूलर कोरडा. प्यायचं पाणी टँकरनं येतं, कूलरमध्ये कोण ओतणार? महेशला नुसतं विचारलं तर हात जोडले त्यानं.
जावेद म्हणतो, चित्र कमी कर, कार्डावरचा भार उतरेल. आधी खंड्या गेला. मग झाडं. मग पलीकडचा काठ. मग नदी. शेवटी उघडं माळरान राहिलं. ते तर खिडकीतून फुकटात दिसतं.

१२ एप्रिल
गावभर रेल्वेचीच चर्चा, पाण्याचे डबे आले. महेश बघून आला.
मी रागानं चित्रच काढून टाकलं सगळं. हेडसेटमध्ये मिट्ट काळोख. मशीन दोन तास चाललं, हूं नाही की चूं नाही! अंधारात फक्त हातातला कंट्रोलर थरथरतो. ही थरथर मात्र भारी आहे हं. जुन्या कंट्रोलरचं नुसतं घर्रर्र असायचं. ह्याला मुंगी चालल्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं येतं.
पण अंधारात थरथर घेऊन करायचं काय? जावेद : "भूत शोधायचं?" फोन कट केला.

१६ एप्रिल, शनि.
स्वयंपाक तसाच टाकून लिहायला बसलेय.

दुपारी अप्पा आपणहून उठून आले. "मला दाव की काय हाय त्यात." हेडसेट बांधला, कपाळाची विभूती सगळी फोमला लागली. त्यांनी चप्पल काढून बाजूला ठेवली. का, ते विचारलं नाही. कंट्रोलर मुठीत दिला तर मूठ उघडली आणि तो तळहातावर आडवा ठेवला.
"अप्पा, असं नाही धरायचं. पडेल."
"पडू दे."
आणि चालायला लागले. टाच आधी, मग पाऊल, एकदम सावकाश. कपाटापासून दारापर्यंत, दारापासून खाटेपर्यंत. हात पुढं, तळवा वर, त्यावर ते काळं यंत्र.

हे मी बघितलंय. लग्नाच्या वर्षी, रेणापूरच्या एका रानात, तळहातावर नारळ घेऊन. चाळीस वर्षं जमिनीखालचं पाणी दाखवणारा पाणाड्या म्हणून फिरला हा माणूस. अप्पांनी बोट ठेवलं की बोअरची गाडी तिथंच लागायची. गेल्या दिवाळीला ओळीनं तीन बोअर फेल गेले, नुसता धुरळा. लोक तोंडावर बोलले नाहीत, पण बोलावणं बंद झालं. नारळ हातात घेतला नाही त्यानंतर.

"अप्पा, काय शोधताय?"
"काय न्हाई गं. हाताला सवय हाय."
बाई गं, हाच खेळ! पाणी शोधायचं. काळोखात, अनवाणी, उघड्या तळहातावर.

१७ एप्रिल
जावेदला एका दमात सांगितलं. तो : "रुक. येतो मी." दुपारच्या गाडीनं आलाच.

खोलीच्या फरशीखाली मी कोडमध्ये एक झरा पुरला. जवळ गेलं की थरथर वाढणार, झऱ्यावर पोचलं की सगळ्यात जोरात. सरळ हिशोब. अप्पांनी दोन पावलं टाकली आणि कंट्रोलर परत दिला.
"ह्ये लई बोंबलायलालंय. पाणी असं बोंबलत नस्तंय."
"मग कसं असतं?"
"आधी हात जड होतो. मग बारीक थरथर, मुंग्या आल्यावानी. मग वाढते. आन् धारेवर आलं की समदं बंद. एकदम गप."
"गप?"
"हाव. तितं थांबायचं."
मी आणि जावेदनं एकमेकांकडं बघितलं. कोडच्या दोन ओळी बदलल्या. डोळे मिटून मीच चालून बघितलं. थरथर वाढत वाढत जाते, आणि एका पावलावर काहीच नाही. जावेद तर ओरडलाच, "क्या बात है अप्पा!"

लिहून ठेवते, पाणाड्यावर माझा विश्वास नाही. इंजिनिअर आहे मी. अप्पांनाही ते माहीत आहे. पण खेळ लई भारी होऊन राहिलाय.

२२ एप्रिल
खेळात घालायला आवाज घ्यायचा म्हणून मागच्या कॉलनीत गेले, तिथं बोअरची गाडी लागलेली. गाडीवाला : "ताई, पाणी लागल्यावर या की. धुरळ्याचा काय आवाज घेता?" म्हटलं, मला दोन्ही लागतात. तासभर उभी होते, केस पांढरे झाले धुरळ्यानं. बोअर फेलच गेला. घरमालक पायरीवर डोकं धरून बसला आणि मी रेकॉर्डर बंद केला. लाज वाटली.
पाणी लागल्याचा आवाज तीन दिवसांनी मिळाला (हे मागाहून लिहितेय), रेणापूरच्या वाटेवर. कोरडं खर्रर्र चाललेलं असताना मध्येच आवाज जड होतो, चिखल उडतो, माणसं ओरडतात. ते ओरडणं जसंच्या तसं ठेवलंय.

३० एप्रिल
चाचणी. थांबाल तिथं बोअर लागतो : चुकलं तर धुरळ्याचा आवाज, सापडलं तर चिखलाचा. महेश तिन्ही वेळा फेल. म्हणे, यंत्रच खराब. काकूंना दुसऱ्या फेरीत सापडलं, तर फरशीवर फतकल मारून बसल्या, उठेनात. अप्पांना दर वेळी सापडतं. तीनदा जागा बदलली, तिन्ही वेळा सापडलं. मला वाटलं कोडमध्ये घोळ आहे. घोळ काही नाही, बाकीचे घाई करतात आणि ते करत नाहीत.
जावेद : "अप्पा, चीटिंग करताय तुम्ही!"
अप्पा हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा, मोठ्यानं. महेश दारातच थबकला. जेवताना उदगीर जिल्हा होणार का, यावर महेश नि जावेदची जुंपली, तर अप्पा म्हणाले, "उदगीरचं होईल तवा होईल. आधी पोरीचा खेळ हू द्या." पोरीचा म्हणाले. सूनबाई नाही.

७ मे, शनि. नांदेड
जिंकलो!!!

नीट लिहिते. पी.सी. वाकळीत गुंडाळून एस.टी.च्या पुढच्या सीटवर, मी शेजारी. कंडक्टर : "आजारी हाय का कोण?" अहमदपूरला चहा घेतला, तोही एका हातानं.

हॉलमध्ये बाकीच्यांचं बघितलं. बंदुका, गाड्या, अंतराळयान, केवढे रंग! आमचा पडदा काळा. येणारा प्रत्येक जण विचारतोय, "तुमचं बंद पडलंय का?" जावेद कानात म्हणाला, "खंड्या तरी ठेवला असता गं."

पु.मॅ. आल्या. म्हटलं, "मॅडम, आधी चप्पल काढा." हसल्या, काढल्या. हेडसेट बांधला, मूठ उघडून तळहातावर कंट्रोलर ठेवला. पहिल्यांदा भराभर चालल्या, धुरळा. दुसऱ्यांदा धुरळा. तिसऱ्यांदा त्यांचं पाऊल आपोआप हळू झालं. टाच, मग पाऊल. अगदी अप्पा! आणि मध्येच थांबल्या. त्या हळूच खाली बसल्या आणि फरशीवर हात टेकवला.
मग स्पीकरमधून तो चिखल उडाला, आणि माणसं ओरडली.
बाई उठेचनात. हेडसेट काढला तर डोळे ओले. "परत एकदा," म्हणाल्या. चारदा खेळल्या. मग वहीत काहीतरी लिहून सरळ बोलल्या, "हा मोबाइलवर झाला नसता. खोकं तुमचं. पहिल्या दिवशी दुकानात." मी त्यांना मिठीच मारली. मारायला नको होती बहुतेक. जाऊ दे.

महेशला फोन. तो दुकानात ओरडला ते मला इथं ऐकू आलं. मग अप्पांना दिला. मी म्हटलं, "अप्पा, लागलं पाणी." ते म्हणाले, "हाव. किती फुटावर?"
हसू की रडू!

पैजेचं : जाताना ठरेना, म्हणून दोघांनी दोन बाजूंनी धरून नेला. येतानाही ठरलं नाही. मी म्हटलं, ही थरथर जुन्या यंत्रात होती का? नव्हती ना? तो म्हणाला, कूलरला पाणी असतं तर तू तुझी नदीच घेऊन आली असतीस. भर रस्त्यात थांबून भांडलो, पी.सी. दोघांच्या हातात. मागून ऑटोवाले हॉर्न मारून राहिले.

९ मे
पु.मॅ.चा फॉर्म आला. बाकी सगळं भरलं, एकच रकाना उरलाय : "आमच्या नव्या उपकरणामुळे तुम्हाला काय सुचलं?" दोन ओळी हव्यात, उद्या संध्याकाळपर्यंत. 'थरथर' लिहिलं, खोडलं. 'कूलर' लिहिलं, खोडलं. 'सासरे' लिहून बघितलं.

सकाळी रेणापूरहून एक जण आले. आमच्या खेळाचं कुठूनसं कानावर गेलेलं. अप्पांच्या पाया पडले, "रानात येऊन एक जागा दावा." अप्पा उठले, धोतर सारखं केलं आणि माझ्यापुढं हात केला. "ते काळं दे."
मी म्हटलं, "अप्पा, त्याला जमिनीतलं काही कळत नाही हो. त्यातलं पाणी मीच घातलंय."
"आन् नारळात कोण घालतंय मग?"

ते माझ्याकडं बघून मिश्कील हसले, स्वयंपाकघरातून स्वतःच नारळ घेतला आणि महेशच्या गाडीवर मागं बसून गेले.

दुपारी परत आले. जागा दिलीय, विहिरीच्या वरच्या अंगाला. किती खात्री आहे, विचारलं तर म्हणाले, "हात गप झाला. एवढंच सांगतो." आणि चक्क दोन भाकरी खाल्ल्या.

जावेदचा फोन, "रकाना भरला का?" म्हटलं, उद्या भरते. उद्या सकाळी सातला बोअरची गाडी लागणार आहे. रेकॉर्डर चार्जिंगला लावलाय, मी पण जाते अप्पांबरोबर.